स्वयंपाकघराच्या दारातली आई

२०२४ च्या पावसाळ्यात आई गेली. वय ८३. दुखणे असे फार नव्हते. दोन दिवस अंथरुणाला टेकली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे शांतपणे गेली. त्या सकाळी घरात एक साधाच प्रश्न उभा राहिला. वर्तमानपत्रात निधनाची बातमी द्यायची होती आणि तिच्यासोबत आईचा एक फोटो हवा होता. तो काही सापडेना.

कपाटावरचे सगळे अल्बम खाली आले. ताईच्या लग्नाचा, माझ्या लग्नाचा, धाकट्या भावाच्या लग्नाचा, बारशांचे, वास्तुशांतीचा. आम्ही तिघे भावंडे आणि आमची मुले ते चाळत बसलो. आमच्या घरातले एकही कार्य आईवाचून पार पडलेले नाही. पण फोटोत ती नव्हती. कुठे स्वयंपाकघराच्या दारात अर्धी, कुठे कुणाच्या खांद्यामागे नुसता पदर. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तर तिचा फक्त हात आला आहे, पळी धरलेला. चेहरा फोटोच्या बाहेरच राहिला.

"आजी फोटोला लाजायची का?" धाकट्या नातवाने विचारले.

ताई माझ्याकडे पाहत राहिली. आई लाजणारी बाई नव्हती, हे आम्हा दोघांनाही चांगले ठाऊक होते.

पहिला डबा

आमचे घर मंगळवार पेठेत, दोन खोल्यांचे. वडील मिलमध्ये कामाला. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापडाची मिल काढली, तिच्या भोंग्यावर आमच्या पेठेतल्या घरांचे घड्याळ चाले. १९७० च्या उन्हाळ्यात वडील काविळीने गेले. आई तेव्हा २९ वर्षांची होती. ताई नऊ वर्षांची, मी सहा, धाकटा दोन. त्या दिवसातल्या दोनच गोष्टी मला नीट आठवतात. एक, परड्यातल्या दगडावर बांगड्या फुटल्याचा आवाज. आणि दुसरी, नेहमीच्या वेळी भोंगा झाला तेव्हा मी सवयीने वडिलांची वाट बघायला दारात जाऊन उभा राहिलो होतो.

दिवसकार्य आटोपले, पाहुणे पांगले. मामा कागलकडचे. ते म्हणाले, "चल आमच्याबरोबर. चार भाकरी आम्हास्नी जड न्हाईत." आई म्हणाली, "पोरांची शाळा हितं हाय. मी हितंच ऱ्हातो."

'मी राहतो', 'मी जातो', 'मी आलो'. आमच्याकडच्या बायका असेच बोलतात. पुण्यात शिकायला गेलेल्या माझ्या मुलीच्या मैत्रिणींना आजीच्या या बोलण्याचे फार हसू येई. मला मात्र पुढे कितीदा तरी वाटले, की आईच्या तोंडी ते अगदी शोभून दिसत होते. त्या दिवसापासून घरात बाप्या तीच होती आणि बाईही तीच.

कोल्हापूर हे पूर्वीपासून शिकणाऱ्या मुलांचे गाव. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी केली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतून मुले इथे येत राहिली. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर ती संख्या आणखी वाढली. पेठांतल्या वाड्यांतून, माडीवरच्या खोल्यांतून ही मुले भाड्याने राहत. आमच्या शेजारच्या वाड्यात चंदगडकडची दोन मुले होती. आईने त्यांना डबा द्यायला सुरुवात केली. दोनाचे पाच झाले आणि दोन वर्षांत पंचवीस. पहाटे चारला ती उठे. आम्हाला जाग येई ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. ताई डबे भरी, मी शाळेला जाताना सायकलला अडकवून पोचते करी. सहा वर्षांच्या मुलाला सायकल कुठली, हे खरे; आधी मी दोन हातांत दोन डबे घेऊन चालतच जात असे.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आली. लाल ज्वारी. तिची भाकरी तव्यावर जाईपर्यंत मोडायची आणि गिळताना घशात फिरायची. आईने ती आम्हाला वाढली, स्वतः खाल्ली, पण डब्यात कधी घातली नाही. डब्यातली भाकरी शाळूचीच. त्यासाठी दाणे कुठून आणि किती उसनवारीने यायचे ते तिचे तिलाच माहीत. ताईने एकदा रागाने विचारले, "पोटची आम्ही का ती?" आई म्हणाली, "ती पोरं आईबाप सोडून आल्यात. तुमची आई हितं हाय की."

आणि उन्हाळ्यात चटणी! चैत्र लागला की पेठेतल्या बायका मिरच्या घेऊन आमच्याकडे यायच्या. ब्याडगी किती, संकेश्वरी किती आणि झटक्यापुरती लवंगी किती, हे प्रमाण आई घर पाहून ठरवायची. कुणाच्या घरात म्हातारी माणसे आहेत, कुणाकडे पैलवान आहे, कुणाच्या सुनेला तिखट सोसत नाही. धने, जिरे, तीळ, खोबरे, मेथी, दगडफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, वेगळा ठेवायचा. कांदा तेलात तांबूस होईपर्यंत तळायचा. लसूण आणि कोथिंबीर कोरडी करून घ्यायची, कारण पाण्याचा अंश राहिला तर चटणीला वास येतो. मग डोक्यावर पाट्या घेऊन डंकावर. खाली पडणारी चटणी चिमटीत धरून आई नुसती हुंगायची आणि सांगायची, "मीठ कमी हाय." चाखावे लागत नसे. त्या महिन्याभरात आमच्या पेठेत आईच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हते.

पण ज्या घरांच्या बरण्या ती भरून द्यायची, त्यांच्यापैकी कुठल्याही घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे येत नसे. तिळगुळाच्या वड्या मात्र आमच्याकडून जात. गौरीच्या सणातही तेच. पहिल्या दिवशीची शेपूची भाजी आणि भाकरी आईच्या हातची, दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळ्या आईच्या हातच्या. पण गौर घरात आणायची ती चुलतीने. रात्री झिम्मा-फुगडी रंगायची. गाण्यात पुढची ओळ अडली, की बायका स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायच्या. आई दारातून ओळ सांगायची. बाहेर यायची नाही. हे सारे इतके सुरळीत चाले, की त्यात काही चुकते आहे असे आम्हा कुणाला वाटले नाही.

बक्षिसाचे भाषण

मी नववीत असताना शाहू जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला. गुरुजींनी भाषण लिहून दिले आणि मी ते आरशासमोर पाठ केले. १९१७ साली महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांविरुद्ध कायदा केला. आणि हे सारे त्यांनी केवळ कागदावर ठेवले नाही. १९१८ च्या जूनमध्ये त्यांचे धाकटे पुत्र, प्रिन्स शिवाजी, शिकारीत अपघाताने गेले. लग्नाला जेमतेम वर्ष झालेले. सून इंदुमतीदेवी अवघी अकरा वर्षांची. मुलाच्या दुःखाने खचलेल्या महाराजांनी या मुलीला राजवाड्याच्या कोपऱ्यात बसू दिले नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, सोबतीला वेगवेगळ्या जातींच्या मुली दिल्या. तिने डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनात होते. १९२२ साली महाराज गेले आणि ते राहून गेले. पण इंदुमती राणीसाहेब १९२५ मध्ये मॅट्रिक झाल्या आणि पुढे त्यांनी कोल्हापुरातल्या स्त्रियांसाठी 'ललित विहार'सारखी संस्था उभी केली.

'कोल्हापूरच्या मातीत विधवेचे अश्रू पुसणारा राजा जन्मला', असा काहीसा माझ्या भाषणाचा शेवट होता. टाळ्या पडल्या. पहिले बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला. आई डबे आटोपून आली होती आणि सभागृहाच्या दारात उभी राहून ऐकत होती. रात्री ताटे पुसता पुसता तिने विचारले, "त्या राणीसाहेब शिकल्या व्हय रं?"

"व्हय. मॅट्रिक झाल्या."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी फायनल पास हाय. सातवी." हे मला तोवर माहीतच नव्हते.

तो पेला पुढे कित्येक वर्षे आईच्या पाण्याचा पेला होता.

१९९१ साली माझे लग्न झाले. मी तेव्हा २७ वर्षांचा, पदवीधर, नोकरीत. वर्तमानपत्रांतून पत्रे लिहिणारा, चार लोकांत पुरोगामी म्हणून ओळखला जाणारा. माझे देवक चुलता-चुलतीने बसवले. हळद पाच सवाष्णींनी लावली. वऱ्हाड सांगलीहून परत आले, तेव्हा दारात आम्हाला चुलतीने ओवाळले. माप ओलांडून आत आल्यावर माझ्या पत्नीने हळूच मला विचारले, "आई कुठं आहेत?" आई स्वयंपाकघराच्या दारात होती. हातात पळी होती. ती हसत होती. मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले आणि मी मान फिरवून पुढच्या विधीला बसलो.

मला कुणी अडवले नव्हते. चुलता-चुलती भली माणसे. मी हाक मारली असती तर ती मोडता घालणारी नव्हती. पण लग्नघरात वाद नको, वडीलधाऱ्यांना काय वाटेल, आईलाच अवघड वाटेल, अशी तीन कारणे माझ्या मनाने त्या क्षणी तयार ठेवली होती. बाहेरच्या खोलीत टेबलावर सत्कारासाठी पाण्याचे पेले मांडले होते. त्यांत माझ्या बक्षिसाचाही पेला होता.

आज पुण्या-मुंबईहून कोल्हापुरात शिरताना ताराराणी चौकात घोड्यावर स्वार झालेल्या महाराणी ताराबाईंचा पुतळा दिसतो. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज गेले, तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. पुढची सात वर्षे त्या औरंगजेबाशी लढल्या, आणि कोल्हापूरची गादी त्यांनीच उभी केली. आमच्या शहराच्या वेशीवर अशी एक विधवा हातात तलवार घेऊन उभी आहे. आम्ही अभिमानाने पाहुण्यांना ती दाखवतो आणि घरी येऊन आपल्या आईला स्वयंपाकघराच्या दारात उभी ठेवतो.

हेरवाडची बातमी

डबे १९९५ च्या सुमाराला बंद झाले. आम्ही दोघे भाऊ मिळवते झालो होतो आणि आईचे गुडघे बोलू लागले होते. नंतरची वर्षे नातवंडांची. माझी मुलगी तर तिच्याच अंथरुणात वाढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर शहरात आणि शिरोळ तालुक्यात शिरला, तेव्हा पेठापेठांतून पूरग्रस्तांसाठी भाकरी-चटणी गोळा होऊ लागली. ७८ वर्षांची आई परातीपुढे बसली आणि गल्लीतल्या सुना तिच्याभोवती गोळा झाल्या. तीन दिवस आमच्या घरातला तवा उतरला नाही.

२०२२ च्या मे महिन्यात त्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने एक ठराव केला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. ते शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितले. माझ्या मुलीने ती बातमी आजीला मोठ्याने वाचून दाखवली. आईने सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "ठराव झाला. पण घरातल्या माणसांनी ऐकलं व्हय?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मुलीपाशी होते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचे लग्न ठरले. हळदीच्या दिवशी मांडवात पाट मांडला, सवाष्णी जमल्या, वाटीत हळद कालवली आणि मुलगी उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. आजीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. "पहिली हळद आजीची," एवढेच म्हणाली. मांडवात क्षणभर सारे गप्प झाले. आई थांबली, मागे वळून तिने माझ्याकडे पाहिले. एकतीस वर्षांपूर्वी पाहिले होते तसेच. या वेळी मी पुढे झालो आणि तिच्यासाठी पाट सरकवला. कुणीही काही बोलले नाही. आभाळ कोसळले नाही. माझी चुलती, वय वर्षे ८५, खुर्चीत बसून होती. तीच म्हणाली, "लाव की गं. थांबलाईस कशाला?"

आईने बोटे हळदीत बुडवली. नातीच्या पायांना लावली, हातांना लावली, आणि मग दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. त्यानंतर उठून आमटीला मीठ पुरते का, ते बघायला आत निघून गेली.

रात्री सगळे निजल्यावर ती पडवीत बसून नखांतली हळद काढत होती. मी जवळ जाऊन बसलो. कितीतरी वर्षे जे बोलायचे होते ते कसेबसे बोललो, की आई, माझ्याच लग्नात मी तुला बोलवायला पाहिजे होते.

ती नखांकडेच बघत होती. "मी वाट बघत हुतो की रं," ती म्हणाली. "दारातच हुतो. मला वाटलं, शिकलेलं पोरगं हाय, हाक मारंल. मग वाटलं, तुलाच नको असंल."

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. मिठाचे प्रमाण सांगावे तशी ती सांगत होती. मग म्हणाली, "जा, झोप आता. उद्या अक्षता हाईत."

इतकी वर्षे आम्ही धरून चाललो होतो, की आईला पुढे यायला आवडत नाही, तिचा स्वभावच तसा आहे, तिने मनाने सारे स्वीकारले आहे. आईवर आमचे प्रेम नव्हते असे नाही. ते अपार होते. तिच्या कष्टांच्या गोष्टी सांगताना आमचा गळा दाटून येई. पण त्या प्रेमाला काही करावे लागत नव्हते. तिच्या त्यागाचे कौतुक करणे सोपे होते, तिला एक पाट देणे अवघड. १९१७ चा कायदा आमच्या दारापर्यंत आला होता, हेरवाडचा ठरावही आला. दारापासून पाटापर्यंतची चार पावले मात्र घरातल्या माणसानेच चालायची असतात.

बातमीसाठी फोटो मिळाला तो अखेर त्याच हळदीचा. आई मधोमध बसलेली, हात पिवळे, नजर कॅमेऱ्याकडे नव्हे, नातीच्या तोंडाकडे. शेजारची नात कापून तेवढाच चेहरा आम्ही छापायला दिला. पुढे तो मोठा करून फ्रेम केली. तेराव्याला ती भिंतीपाशी ठेवली, हार घातला. पूजेचे ताट आणले तेव्हा एक वयस्क नातेवाईक सवयीने म्हणाले, "कुंकू नको. बुक्का लावा."

मी या वेळी थांबलो नाही. "कुंकूच लावायचं," म्हणालो, आणि लावले. कुणी विरोध केला नाही. आधीही कुणी केला नसता. पण जिच्यासाठी मी बोललो होतो, ती आता काचेच्या आत होती.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी अशी एक आई असेल, आजी असेल, आत्या किंवा वहिनी असेल. घरात हळदीकुंकू असेल, बारसे असेल, लग्न निघाले असेल. सगळी तयारी तिच्याच हातची असेल आणि ऐन वेळी ती दारात जाऊन उभी राहील, हसतमुखाने. तिला विचारलेत तर ती नकोच म्हणेल, दोनदा म्हणेल. तिसऱ्यांदा हात धरा. तिला पुढे यायचे नाही हे तुम्हाला कुणी सांगितले, एवढे स्वतःला एकदा विचारून बघा. मी तो प्रश्न विचारायला एकतीस वर्षे घेतली.

यंदाच्या चैत्रात चटणी ताईने आणि माझ्या पत्नीने केली. प्रमाण तेच, डंकही तोच. चिमूट हुंगून दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मीठ कमी होते की बरोबर, ते चाखल्याशिवाय कुणालाच सांगता येईना.